घोडं कुठं पेंड खातं? खोगिराखाली! सॅडल पॅड निवडताना काय बघायचं

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोलले, बहुतेक तसंच ठेवलं आहे. फक्त मधले खोकले आणि घोडीचं खिंकाळणं काढून टाकलंय.)

छत्रपती संभाजीनगरहून मी बोलतेय. इअरफोन लावून बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासत असाल, तरी हरकत नाही. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, "बाई, आमच्याकडे स्कूटी आहे, घोडा नाही!" मान्य. पण या डिसेंबरमध्ये तुमच्या कोणत्यातरी मित्राची वरात निघणारच आहे. माथेरानला गेलात तर स्टेशनबाहेर घोडेवाले तुम्हाला घेरणारच आहेत. आणि आजकाल आपल्या शहरातली कितीतरी पोरं-पोरी रविवारी सकाळी रायडिंग शिकायला जातात. म्हणजे घोड्याच्या पाठीशी तुमचा संबंध आज ना उद्या येणारच. तर आज बोलूया घोड्याची पाठ आणि खोगीर यांच्या मधल्या त्या एका थराबद्दल. सॅडल पॅड. आपल्याकडचा जुना शब्द, नमदा.

आधी थोडी शब्दांची गंमत सांगते. इंग्रज लोक या पॅडला 'नम्ना' म्हणतात. तो शब्द त्यांनी इथूनच उचलला, आपल्या नमद्यावरून. नमदा म्हणजे लोकर दाबून-दाबून केलेलं जाड कापड. आणि 'खोगीर' हा शब्द? तो फारसीतून आला. खोय म्हणजे घाम, गीर म्हणजे घेणारा. खोगीर म्हणजे घाम टिपणारा! म्हणजे मुळात खोगीर हे नाव बसायच्या आसनाचं नव्हतंच, पाठीवरच्या त्या घाम टिपणाऱ्या थराचं होतं. नंतर मराठीत अख्ख्या बैठकीलाच खोगीर म्हणायला लागले. आणि त्यात चिंध्या-बिंध्या काय वाट्टेल ते भरतात म्हणून 'खोगीरभरती' हा शब्द आला. परीक्षेत उत्तर लांबवायला आपण जे लिहितो ना, ते!

पण घोड्याच्या पाठीवर खोगीरभरती चालत नाही. आजच्या भागाचं सार हेच आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

आपलं शहर आणि घोडा

हे शहर मलिक अंबरनं १६१० साली वसवलं, तेव्हा त्याचं नाव खडकी होतं. मुघलांच्या जड फौजेला दमवणारी त्याची हलकी घोडदळं, त्यातले मराठे स्वार, हे सगळं आपण शाळेत वाचलंय. त्या काळच्या स्वारांत दोन प्रकार होते. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळायचा तो बारगीर. दोघांसाठी एक गोष्ट सारखीच होती. घोड्याच्या पाठीला जखम झाली की स्वार पायदळात! मग तलवार कितीही चांगली असू द्या, उपयोग शून्य. दिवसभर मजल मारणाऱ्या माणसाला घोड्याची पाठ जपणं हे लढाईइतकंच महत्त्वाचं होतं.

आज लढाई नाही, पण पोट आहेच. माझे मामा वरातीसाठी घोड्या पुरवतात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि मग त्यांच्या फोनला विश्रांती नाही. मी त्यांच्याकडेच घोड्यात वाढले. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते थोडं पशुवैद्यांकडून ऐकलेलं, थोडं वाचलेलं आणि बरंचसं तबेल्यात बघितलेलं आहे.

पाठीत नेमकं होतं काय?

घोड्याची आयाळ जिथे संपते तिथे खांद्यांच्या मध्ये एक उंचवटा असतो. इंग्रजीत त्याला विदर्स म्हणतात, आपण उंचवटाच म्हणू. तिथे हाडावर मांस फार कमी, जवळजवळ कातडीच. त्याच्या मागे कण्याच्या दोन्ही बाजूंना लांब स्नायू आहेत. वजन घ्यायचं ते या स्नायूंनी. उंचवट्यानं नाही आणि कण्याच्या मणक्यांनी तर मुळीच नाही.

आता चुकीचा पॅड घातला की एका जागी दाब येतो. सतत दाबामुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. रक्त नाही म्हणजे आतलं मांस मरायला लागतं. आणि बरं का, ही जखम बऱ्याचदा आतून बाहेर येते. वरून कातडी ठीक दिसते, थोडी सूज, थोडी गरम. दोन दिवसांनी केस झडतात आणि मग फुटते. आपल्याला दिसते तेव्हा ती जुनी झालेली असते.

मामांकडे एक घोडी आहे, चांदणी. एका व्यापाऱ्याकडून घेतली तेव्हा तिच्या काळ्याभोर अंगावर उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे रुपयाएवढे ठिपके होते. आधीच्या मालकानं त्यावरूनच तिचं नाव ठेवलेलं, चांदण्या पडल्यात म्हणून. वरातीत लोक त्या ठिपक्यांचे फोटो काढतात, किती क्यूट म्हणतात. ते ठिपके जन्माचे नाहीत. ते खोगिराचे आहेत. दाबानं केसांच्या मुळाशी असलेला रंग मेला की पुढे तिथे पांढराच केस येतो, आणि तो सहसा कायमचा. म्हणजे त्या पोरीच्या अंगावर जुन्या दुखण्याची खूण आहे आणि तिचं नावही त्याच दुखण्यावरून पडलंय. तेव्हापासून मी कुठलाही घोडा बघितला की आधी तोंड नाही, पाठ बघते.

पहिली गोष्ट: पॅड हा इलाज नाही

बाजारात गेलात की दुकानदार सांगेल, "सॅडल लागतंय? हा जाड पॅड घ्या, सगळं सेट होतं." नाही होत. समजा तुमचा बूट एक नंबर लहान आहे. त्यात जाड लोकरीचा मोजा घातला तर बूट सैल होईल की अजून चावेल? अगदी तसंच. सॅडल अरुंद असेल तर जाड पॅडनं ते आणखी घट्ट बसतं. सॅडल खूप रुंद असेल तर जाड पॅडनं थोडी पोकळी भरते, पण ती तात्पुरती सोय झाली.

म्हणून आधी पॅड न घालता सॅडल पाठीवर ठेवून बघा. चार गोष्टी तपासायच्या.

एक, सॅडल खांद्याच्या फऱ्याच्या मागे बसतंय का? घोडा पाऊल टाकतो तेव्हा फऱ्याचं हाड मागे सरकतं, त्याला जागा हवी. दोन, उंचवटा आणि सॅडल यांच्यामध्ये दोन-तीन बोटं उभी जातील एवढी पोकळी आहे का? आणि हे माणूस वर बसल्यावर पुन्हा बघायचं. तीन, मागची बाजू शेवटच्या बरगडीच्या पुढे जात नाही ना? घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटची हातानं चाचपून सापडते. त्यामागे कमरेचा भाग, तिथे आधार नाही, म्हणून तिथे वजन नाही. चार, सॅडलच्या खालून पुढून मागे हात सरकवा. सगळीकडे सारखं टेकतंय का? पुढे आणि मागे टेकतं आणि मध्ये पोकळ, असं असेल तर सगळं वजन चार कोपऱ्यांवर येतं. झोपाळ्यासारखं डुलत असेल तर मध्येच टोचतंय.

हे चारही जमलं तरच पॅडचा विचार. नाहीतर घोडं कुठं पेंड खातंय ते सॅडलमध्ये शोधा, पॅडमध्ये नाही.

माप कसं घ्यायचं?

घोडे सगळे सारखे नसतात. आपली भीमथडी जात घ्या. भीमा नदीच्या खोऱ्यातली, दख्खनच्या धनगरांबरोबर संसार पाठीवर घेऊन फिरणारी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं तिची आता स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. हे घोडे ठेंगणे, आखूड पाठीचे. वरातीत दिसणारे मारवाडी उंच, उंचवटा उठावदार. रेसमधून निवृत्त होऊन रायडिंग क्लासमध्ये आलेले थरोब्रेड अजून वेगळे, त्यांचा उंचवटा उंच आणि लांब. एकच पॅड या तिघांना कसा बसणार? ऑनलाइन घेताना पोनी, कॉब आणि फुल अशी मापं दिसतात. साधारणपणे ठेंगण्या घोड्याला पोनी, मध्यमला कॉब, मोठ्याला फुल. पण फक्त नावावर जाऊ नका. लांबी सेंटिमीटरमध्ये बघा आणि आपल्या सॅडलशी ताडून बघा.

एक सोपी युक्ती. वायरमनकडून जाड, वाकणारी तार घ्या, प्लास्टिकच्या आवरणाची. घोडा सपाट जमिनीवर सरळ उभा करा. तार फऱ्याच्या मागे पाठीवर आडवी दाबा, ती पाठीचा आकार घेईल. हळूच उचला आणि वर्तमानपत्रावर ठेवून पेननं आखा. झाला तुमच्या घोड्याचा नकाशा. त्यावर तारीख टाका. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्या, कारण घोडाही आपल्यासारखाच जाड-बारीक होतो. पावसाळ्यात रिकामा उभा राहून वाढतो, सीझनमध्ये उतरतो.

आता पॅडचं माप. पॅड सॅडलपेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर बाहेर दिसला पाहिजे. पॅडची कड किंवा शिवण सॅडलच्या खाली आली की ती दोरीसारखी रुतते. फार मोठा पॅडही नको, त्याखाली उष्णता कोंडते आणि कापड गोळा होतं.

आकार बघा. पॅडची मधली शिवण पाठीच्या वळणाप्रमाणे वर-खाली जाणारी हवी. उंचवट्यापाशी वर उचललेली, मग खाली. सरळ कापलेला चौकोनी पॅड ठेंगण्या, गोल पाठीला कदाचित चालेल. उठावदार उंचवट्यावर मात्र तो ताणून बसतो आणि वरून दाबतो.

कापड कोणतं?

लोकर. मी तरी आधी लोकरच सांगेन. लोकरीचा नमदा आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेतो आणि तरी ओला लागत नाही. दाब पसरवतो, हवा खेळती ठेवतो. आपल्याकडे घोंगडी चार पदरी करून पाठीवर टाकायची पद्धत आहे, ती याच गुणांमुळे. फक्त घडी एकदम सपाट हवी. घडीची एक सुरकुती म्हणजे बुटातला खडा.

सुती क्विल्टचे पॅड स्वस्त, धुवायला सोपे, रोजच्या कामाला छान. पण भिजले की भिजलेलेच राहतात, म्हणून दोन-तीन जोड ठेवा. नकली फरचे पॅड दिसायला गुबगुबीत, पण काही महिन्यांत फर चपटी होते आणि केसांत गुठळ्या होतात. हाताची मूठ दाबून बघा. बोटं लगेच तळाला टेकली तर तो पॅड निवृत्त करा. फोमचंही तेच. रबरासारख्या निओप्रीनचे पॅड घसरत नाहीत हे खरं, पण उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. आपल्या मराठवाड्यातल्या मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा त्याखाली पाठीची भट्टीच होते. जेलचे पॅड महाग आणि जड. डॉक्टर किंवा जाणकार सांगेल तेव्हाच घ्या.

खरेदी कुठे? कानपूरच्या खोगीरकामाला जीआय मानांकन आहे, ऑनलाइन मिळणारा बराचसा भारतीय माल तिकडचा. आपल्या जवळ म्हणाल तर मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा आणि नंदुरबारकडे सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, दोन्ही घोड्यांसाठी प्रसिद्ध. तिथे हातात घेऊन, दाबून, उलटा करून बघता येतं. स्क्रीनवर कापड दाबता येत नाही!

घालायचा कसा?

आधी पाठ ब्रशनं साफ. गवताची काडी, वाळलेला घाम, चिखल, काही नको. पॅड जरा पुढे, उंचवट्यावर ठेवा आणि मग मागे सरकवा, केसांच्या दिशेनं. उलटा सरकवला तर केस मोडतात आणि दिवसभर टोचतात. मागे जास्त गेला तर पुढे ओढू नका. उचला, परत ठेवा.

मग सॅडल ठेवा. आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी नव्वद टक्के लोक विसरतात असं मामा म्हणतात. (हा नव्वदचा आकडा मामांचा, माझा नाही!) तंग आवळायच्या आधी पॅड मधोमध वर, सॅडलच्या पोकळीत उचलून घ्या, तंबूसारखा. मग उंचवटा आणि कण्यावर हवा राहते. मग तंग हळूहळू, दोन-तीन टप्प्यांत आवळा.

काम झाल्यावर मोबाईल काढा

सॅडल उतरवलं की लगेच पाठीचा फोटो काढा. घाम दोन्ही बाजूंना सारखा दिसला पाहिजे. कण्यावरची मधली पट्टी कोरडी असेल तर ते चांगलंच आहे. पण ओल्या भागाच्या मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसला तर सावध. एकतर तिथे पॅड टेकतच नाही, नाहीतर इतका दाबतोय की घामसुद्धा सुटत नाही. हात लावून बघा. गरम आहे? सुजलंय? बोटं फिरवल्यावर घोडी पाठ खाली दबवते? मग उद्या काम नाही.

घोडी तोंडानं सांगत नाही, पण सांगत असतेच. तंग आवळताना कान मागे पाडते, चावायला येते, शेपूट सारखी झटकते, बसू देत नाही. आपण म्हणतो, "नखरे करतेय." नखरे नाहीत हो ते.

आणि पॅड धुवा. साध्या साबणानं, भरपूर पाण्यात खळबळून, उन्हात कडक वाळवून. साबण राहिला तर खाज येते. प्रत्येक घोड्याचा पॅड वेगळा, कारण गजकर्णासारखे त्वचारोग पॅडवरून एकाचे दुसऱ्याला जातात. आपण एकमेकांचा टॉवेल वापरतो का?

जखम झालीच तर हळद-तेल लावून वर पॅड टाकू नका. काही जण पॅडला जखमेएवढं भोक पाडतात, म्हणजे तिथे लागणार नाही म्हणून. पण त्या भोकाच्या कडा आजूबाजूला रुततात आणि जखम मोठी होते. जखमेला औषध आणि पाठीला सुट्टी, दुसरा मार्ग नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे, तो सेव्ह करून ठेवा.

सुट्टी कोणाला परवडते?

आता खरा अवघड प्रश्न. गेल्या सीझनला मामांच्या दुसऱ्या घोडीच्या पाठीवर असाच एक कोरडा ठिपका दिसला. जखम नव्हती, फक्त थोडी गरम सूज. समोर तीन दिवसांत दोन वराती, ॲडव्हान्स घेतलेला. घरात चर्चा झाली. कोणी म्हणालं, "एक जाड पॅड टाका, झूल असतेच वरून, कोणाला दिसतंय?" मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आज झाकलं तर उद्या फुटंल. मग दोन वराती न्हाई, अख्खा सीझन जाईल." दोन्ही बुकिंग त्यांनी ओळखीच्या दुसऱ्या घोडेवाल्याला देऊन टाकली. तो महिना तंगीत गेला, हे मी घरात बघितलंय. घोडी दहा दिवसांनी कामावर आली, पाठ एकदम स्वच्छ.

हे मुद्दाम सांगतेय. घोडेवाला दुष्ट असतो म्हणून घोड्याला जखमा होतात, असं नेहमी नसतं. सुट्टी परवडत नाही म्हणून होतात. म्हणूनच सगळा जोर आधी द्यायचा, योग्य पॅडवर. एका चांगल्या नमद्याचा खर्च बुडालेल्या सीझनपुढे काहीच नाही.

आणि आपली, म्हणजे वर बसणाऱ्यांची जबाबदारी? हिशोब करू. २००८ साली अमेरिकेत ओहायोत झालेल्या एका अभ्यासात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन बघितला. २५ टक्क्यांपासून पुढे ठोके वाढले, स्नायू जास्त दुखावले. म्हणून २० टक्क्यांची मर्यादा सांगतात, सॅडलसकट. समजा घोडी ३५० किलोची. म्हणजे ७० किलो. नवरदेव ८०, खोगीर आणि झूल १५, शिवाय पुढ्यात हौसेनं बसवलेला भाचा. शंभरी पार! इथे जगातला सर्वोत्तम पॅडही हात टेकतो.

कायदाही माहीत असू द्या. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की जखमेमुळे कामाला नालायक असलेल्या जनावराला कामाला लावणं गुन्हा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यात तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याला ७० किलोची मर्यादा आहे, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही.

म्हणून मित्रांनो, वरात ठरवताना बँडचा रेट विचारता तसं एकदा घोडीवाल्या दादांना विचारा, "दादा, झूल जरा उचलून पाठ दाखवता का?" चांगला माणूस असेल तर अभिमानानं दाखवेल. जखम दिसली तर भांडू नका, व्हिडिओ टाकून व्हायरल करू नका. शांतपणे सांगा की नवरदेव चालत येईल, आणि ठरलेल्या पैशातले काही तरी त्यांना द्या. वरातीत चालत नाचणारा नवरदेव तसाही जास्त मजा करतो!

रायडिंग शिकत असाल तर उद्यापासून सॅडल स्वतः उतरवा, फोटो काढा, ठिपके बघा. आणि असा एखादा फोटो समजत नसेल तर मला पाठवा, मी मामांना दाखवून पुढच्या भागात सांगते. पुढच्या भागात विषय आहे नाल. तोपर्यंत घोड्यांना जपा, स्वतःला जपा. भेटूया!